न कळण्याचा दोष कोणाचा?



जऊळक्यातल्या या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्षाने गावाचे गुणगान करावे अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून एक प्रश्न मांडतो. भाषा कळली नाही, तर दोष कोणाचा? परक्याच्या बाबतीत हा दोष बोलणाऱ्याच्याच माथी मारला गेला. अस्पष्ट बोलणारा तो म्लेच्छ ठरला, आणि जुन्या मराठीत ‘कानडा’ या शब्दाला अगम्य असा अर्थ चिकटला. मात्र आपल्याच भाषेतला कागद कळेना, की हा न्याय उलटा फिरतो: लिहिणारा विद्वान आणि वाचणारा अडाणी!

हा उलटा न्याय या मातीला शोभत नाही. आपले वाशीम म्हणजे वाकाटक राजांचे वत्सगुल्म. काव्यातल्या ज्या वैदर्भी रीतीला या नगरावरून ‘वच्छोमी’ म्हटले गेले, तिचा लौकिक प्रसादगुणासाठी, म्हणजे सहज कळण्यासाठी. त्याहून बोलका पुरावा वाशीमला सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाचा. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण दानाच्या आणि सवलतींच्या व्यवहाराचा भाग प्राकृतात. थोरवी मिरवायला एक भाषा, अंमल करायला दुसरी. हुकूम ज्यांनी पाळायचा त्यांना तो कळावा, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

यावर म्हटले जाते की कायद्याला नेमकेपणा लागतो. सोपे लिहिले की पळवाटा निघतात. पण सातबारा पाहा. फेरफार, पोटखराब, इतर हक्क, बोजा हे शब्द नेमकेच आहेत, त्यांच्यावर कोर्टात दावे चालतात, आणि अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्यालाही ते कळतात. यातले खराब आणि हक्क तर अरबी-फारसीतून आलेले. म्हणजे अडचण परक्या शब्दांची नाही, तांत्रिक शब्दांचीही नाही. ‘सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यात अवघड शब्द कोणता? तरी कार्यवाही कोणी करायची, कोणती, कधीपर्यंत, याचा पत्ता लागत नाही. कर्ताच गायब केला, की जबाबदारीही आपोआप गायब होते.

दुसरा आक्षेप आपल्याच बिरादरीतला: मग दुर्बोध कवितेचे काय? महानुभाव पंथाने सकळ या सांकेतिक लिपीत ग्रंथ झाकले, त्याचे काय? महानुभावांचे कुलूप लिपीला होते. आतली मराठी साधीच राहिली. आणि कवितेपाशी वाचक आपखुशीने थांबतो. पीकविम्याच्या अर्जापुढे त्याला ती मुभा नसते. तिथे मुदत संपत असते.

महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. मराठीच्या अभिजात दर्जाची घोषणा ३ ऑक्टोबर २०२४ ची. मान मिळाला, आता कागद कळू द्या. म्हणून यजमानांची एक मागणी या संमेलनाने ठरावात घ्यावी: लोकांच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक सरकारी कागदात कोणी, काय आणि केव्हापर्यंत करायचे, हे सरळ मराठीत लिहिलेले असावे. ठरावाचा मसुदाही तसाच लिहू या.