पाण्याचा विरोध मोजणारी माणसं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



वेळ थोडा आहे, म्हणून थेट पाइपांवर येतो. घाटाच्या उतारावरून टाटांच्या पॉवर हाउसकडे उतरणारे पाइप आपण शाळेत असताना रोज पाहिले. 1915 पासून लोणावळ्याकडचं पाणी सुमारे सव्वापाचशे मीटर खाली खोपोलीत येतंय. वाटेत काहीच अडथळा नसता, तर ते ताशी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं पेल्टन चाकावर आदळलं असतं. पण पाइपची भिंत त्याला धरते. किती धरते?

नुसत्या गणितानं हे सुटेना. दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाला तर 1752 मध्ये उत्तर मिळालं की, आदर्श द्रवातून एकसारख्या वेगानं जाणाऱ्या वस्तूला विरोध शून्य! पावसाळ्यात पाताळगंगेत पाय घातलेला कुणीही यावर हसेल.

मला आवडतो तो इंग्लंडचा बेंजामिन रॉबिन्स. 1746 च्या सुमारास त्यानं फिरता दांडा केला. उभा खांब, त्याला आडवा हात, खांबाला गुंडाळलेला दोरा, कप्पी आणि दोऱ्याला वजन. वजन खाली येतं, हात फिरतो. हाताच्या टोकाला वस्तू लावून वेग बघायचा. मग तिच्या जागी तेवढ्याच वजनाचा शिशाचा पातळ तुकडा लावायचा आणि तोच वेग किती कमी वजनात मिळतो ते पाहायचं. या फरकावरून हवेचा विरोध निघतो. पिरॅमिड एकदा टोकाकडून, एकदा तळाकडून फिरवला, तर समोरचं क्षेत्रफळ तेच असूनही विरोध वेगळा आला.

खोट एकच, फिरणारा हात हळूहळू आजूबाजूची हवाही फिरवू लागतो. पुढे फ्रूडनं 1872 मध्ये टॉर्कीला लांब हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती सरळ रेषेत ओढल्या. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात आजही प्रवाहमापक असेच स्थिर पाण्यातून ओढून तपासतात. आणि आपल्या पाइपांचा प्रश्न? तो दार्सीनं पॅरिसमध्ये सोडवला. काचेचे, शिशाचे, लोखंडी, नवे-जुने पाइप घेऊन दाब कुठे किती उतरतो ते मोजलं आणि 1857 मध्ये आकडे छापले. आतून खरबरीत झालेला जुना पाइप पाण्याला जास्त अडवतो, हे त्यातून नेमकं कळलं.

आता मुद्द्याचं. निधीतून प्रवेशद्वाराची कमान करायचं घाटतंय. माझं मत प्रयोगशाळेच्या बाजूनं आहे. रॉबिन्सचा दांडा मुलं स्वतः जोडू शकतील. खांब आणि बेअरिंग माझ्याकडून. कप्पी आणि वजनं कोण देतंय, ते जेवणाआधी सांगा.