जात्यावरची ओवी टिपताना



गावात पिठाची गिरणी आली आणि जाती माळ्यावर गेली. ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या. त्या शोधायचा नाद आम्हा पाचजणींना लागला. मोबाइल घेऊन आम्ही आळीतल्या वयस्कर बायांकडे जायचो. "आता कुठलं आठवतंय, बाई!" असं म्हणून त्या हसायच्या. मग एका आजींपुढं जातंच मांडलं, मूठभर जोंधळे टाकले. खुंट्याला हात लागला आणि ओवीमागून ओवी येत गेली. देवाची, भावाची, लेकीची, माहेरच्या वाटेची.

आनंदाच्या भरात त्यातली नणंदेवरची एक ओवी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दिवस मावळायच्या आत ती नणंदेच्या घरी वाजली. बोलाचाली झाली. आजी आम्हाला एवढंच म्हणाल्या, "ते मी जात्याला सांगितलं होतं गं."

त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच झोप लागली नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारीचं नाव-गाव नोंदवलं. तशी नोंद आम्हीही ठेवतो. पण रेकॉर्डिंग झालं की आधी तिलाच ऐकवतो. कुठली ओवी वाटायची, कुठली घरात ठेवायची, कुठली पुसायची, हे तीच ठरवते.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर जातं असेल. खाली काढा, आजीला बसवा, ओव्या जरूर टिपा. फक्त पुढं पाठवण्याआधी तिला विचारा.