व्यापाऱ्याचे पेन्शन, मुलांचे शिक्षण : बचत खात्यांचे नियम व करविचार

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विद्वानांच्या मालिकेत माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्यास बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजतो. मी करसल्लागार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो तरी माझे खरे शिक्षण गादीवर बसून, ताके उलगडता उलगडता झाले आहे. म्हणून आज मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. आपल्या उतारवयाची सोय आणि मुला-नातवंडांचे शिक्षण या दोन गोष्टींसाठी कायद्याने कोणती खाती उपलब्ध आहेत, त्यांचे नियम काय आणि त्यांवर कर कसा लागतो, एवढेच सांगणार आहे.

नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात येण्यापूर्वीच कापली जाते. त्याची इच्छा असो वा नसो, त्याचे म्हातारपण साठत राहते. व्यापाऱ्याचे तसे नाही. आपला नफा मालात जातो, माल उधारीत जातो आणि उधारी पुन्हा मालात येते. कोणास विचारले, तर तो अभिमानाने सांगतो, "दुकान हेच माझे पेन्शन." हे वाक्य ऐकावयास गोड आहे, पण हिशेबास टिकत नाही. फॅशन बदलली की थप्पीतील मालाची किंमत निम्म्यावर येते. बाजार बसला की उधारी बुडते. शिवाय एकट्या मालकीच्या पेढीत, तसेच भागीदारीत, धंद्याच्या देण्यापोटी मालकाच्या खासगी मालमत्तेलाही हात लागू शकतो. त्यातच आजची मुले पुणे, बंगळूरला नोकरीस जातात. ती गादीवर बसतीलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यास्तव दुकानाबाहेरची, दुकानास सहजी न मिळणारी अशी काही पुंजी प्रत्येक कुटुंबाजवळ असली पाहिजे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

कोणत्याही बचत खात्याची परीक्षा करताना मी तीन दारे पाहतो. पैसा आत जाताना करात वजावट मिळते काय? आत वाढताना व्याजावर कर लागतो काय? आणि बाहेर येताना कर द्यावा लागतो काय? ज्या खात्याची तिन्ही दारे मोकळी, ते सर्वांत उत्तम.

अशा खात्यांत पहिला मान सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपण ज्यास पीपीएफ म्हणतो त्याचा. ही योजना १९६८ साली सुरू झाली. सध्याचे नियम २०१९ च्या योजनेप्रमाणे आहेत. वर्षास किमान ५०० आणि कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. खाते उघडले ते आर्थिक वर्ष सोडून पुढे १५ वर्षांनी मुदत पूर्ण होते व त्यानंतर पाच-पाच वर्षांनी ती वाढविता येते. व्याजदर शासन दर तिमाहीस जाहीर करते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला आणि २०२५ च्या चारही तिमाहींत तोच राहिला.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. या खात्यात व्याज मोजले जाते ते महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर. आपण व्यापारी मात्र मार्चअखेर करसल्लागाराचा फोन आला की धावत जाऊन पैसे भरतो. दर वर्षी दीड लाख रुपये ५ एप्रिलपूर्वी भरले आणि दर ७.१ टक्केच राहिला असे धरले, तर १५ वर्षांअखेर सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये होतात. तेच पैसे दर वर्षी मार्चअखेर भरले, तर सुमारे ३७ लाख ९८ हजार. रक्कम तीच, खाते तेच. केवळ तारखेच्या आळसाने २ लाख ७० हजारांचा फरक पडतो. कापडात एवढी घट आपण सोसली असती काय?

पैसे अडकून पडतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. खाते उघडल्याचे वर्ष संपून आणखी एक वर्ष झाले की पाच वर्षांपर्यंत मर्यादित कर्ज मिळते. पाच वर्षांनंतर दर वर्षी एकदा अंशतः रक्कम काढता येते. तिची मर्यादा मागील वर्षाच्या किंवा त्याआधीच्या चौथ्या वर्षाच्या अखेरच्या शिलकीपैकी जी कमी असेल तिच्या निम्मी आहे. गंभीर आजार किंवा मुलांचे उच्च शिक्षण यासाठी पाच वर्षांनंतर खाते मुदतीपूर्वी बंदही करता येते, मात्र व्याज एक टक्का कमी मिळते. म्हणजे मुलगा दहा वर्षांचा असताना उघडलेले खाते त्याच्या महाविद्यालयीन फीच्या वेळी उपयोगी पडू शकते.

आणि या खात्याचा जो गुण व्यापाऱ्यास सर्वांत मोलाचा, तो फारसा कोणी सांगत नाही. खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने या खात्यातील रक्कम जप्त करता येत नाही. आमच्याच व्यवसायातील एका स्नेह्यांची पेढी बुडाली, तेव्हा गाळा गेला, माल गेला, घरही विकावे लागले. उरले ते केवळ हे खाते. त्यातून त्यांच्या मुलीचे शिक्षण पुरे झाले.

आता कराच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आजवर आपण हे खाते भरत होतो ते ८० सी कलमाच्या वजावटीसाठी. १ एप्रिल २०२६ पासून अमलाची तारीख असलेल्या प्राप्तिकर अधिनियम २०२५ मध्ये ही वजावट कलम १२३ मध्ये घेतली आहे. परंतु २०२० साली नवी करप्रणाली आली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मूळ प्रणाली ठरली. तिच्यात ही वजावट नाही. उलट २०२५-२६ पासून तिच्यात १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करसवलतीमुळे कर द्यावा लागत नाही. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी "आता पीपीएफचा उपयोग काय?" असे म्हणून भरणा थांबविला आहे.

बंधूंनो, येथेच थांबून विचार करावा. नव्या प्रणालीत पहिले दार बंद झाले, पण उरलेली दोन दारे उघडीच आहेत. व्याज करमुक्त आहे आणि मुदतीअखेर मिळणारी रक्कमही करमुक्त आहे. बँकेच्या ठेवीचे व्याज मात्र उत्पन्नात मिळवावे लागते. जो ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्यास ठेवीवर १० टक्के व्याज मिळाले तरी कर जाता हाती सातच टक्के उरतात. वजावट गेली म्हणून खाते सोडणे, म्हणजे सूट बंद झाली म्हणून चांगला माल परत पाठविण्यासारखे आहे. करमुक्त व्याज विवरणपत्रात दाखविण्यास मात्र विसरू नये.

धंद्याचे उत्पन्न असणाऱ्यांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. नोकरदार दर वर्षी जुनी वा नवी प्रणाली निवडू शकतो. आपणांस तसे करता येत नाही. विहित अर्ज वेळेत भरून जुनी प्रणाली घेतली आणि नंतर एकदा नव्या प्रणालीत परतलो, की धंद्याचे उत्पन्न आहे तोवर पुन्हा जुनीत जाता येत नाही. म्हणून एका वर्षाच्या फायद्याकडे पाहून निर्णय घेऊ नये.

भगिनींसाठी विशेष सांगतो. पीपीएफ खाते संयुक्त नसते, ते एकट्याच्याच नावे असते. पत्नीच्या नावे स्वतंत्र खाते उघडल्यास तिची दीड लाखाची मर्यादा वेगळी धरली जाते. पतीने दिलेल्या पैशावरील उत्पन्न एरवी पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते, परंतु येथे व्याजच करमुक्त असल्याने कर वाढत नाही. अज्ञान मुलाच्या खात्याची मर्यादा मात्र पालकाच्या खात्याशी एकत्र धरतात. आणि ज्यांच्या घरी एकत्र कुटुंबाची फाईल आहे त्यांनी जाणावे, की १३ मे २००५ पासून हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलासही नवे खाते उघडता येत नाही. जाण्यापूर्वी उघडलेले खाते तो मुदत संपेपर्यंत चालवू शकतो.

मुलींसाठी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेले सुकन्या समृद्धी खाते आहे. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी ते उघडावे लागते. सर्वसाधारणपणे एका कुटुंबात दोन मुलींसाठी खाती उघडता येतात. वर्षास किमान २५० व कमाल दीड लाख रुपये, भरणा १५ वर्षे आणि मुदत २१ वर्षे. २०२५ मध्ये व्याजदर ८.२ टक्के होता. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली, की शिक्षणासाठी मागील वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. अठरा वर्षांनंतर खाते ती स्वतः चालविते. जुन्या करप्रणालीत याचीही तिन्ही दारे मोकळी आहेत, नव्या प्रणालीत दोन.

सभागृहात अनेक आजोबा बसले आहेत. आपण हौसेने नातीचे खाते स्वतः पालक म्हणून उघडले असेल, तर सावध व्हावे. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर अशा खात्याचे पालकत्व आई-वडिलांच्या नावे करून घ्यावे, अशा सूचना केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्या आहेत. पैसे आजोबांनी खुशाल द्यावेत, सही मात्र आई-वडिलांची असावी.

राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, १ मे २००९ पासून सर्व नागरिकांस खुली झाली. तिच्यात पैसा शेअर व रोख्यांत गुंतविला जातो. त्यामुळे परतावा ठरलेला नसतो, कमी-जास्त होतो. जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या वर आणखी ५०,००० रुपयांची वजावट येथे मिळते. नव्या प्रणालीत स्वतः भरलेल्या रकमेस वजावट नाही. परंतु आपला मुलगा नोकरीत असेल आणि त्याच्या मालकाने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम या खात्यात भरली, तर त्यास नव्या प्रणालीतही वजावट मिळते. तीन वर्षांनंतर मुलांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. साठीनंतर एकूण रकमेचा काही भाग एकरकमी मिळतो आणि उरलेल्या भागातून आयुष्यभराचे पेन्शन घ्यावे लागते. ते पेन्शन दर वर्षी करपात्र असते. म्हणजे येथे शेवटचे दार अर्धेच उघडे आहे, हे समजूनच त्यात शिरावे.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी २००४ साली सुरू झालेली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. ६० वर्षे पूर्ण झालेल्यास एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. पती-पत्नी दोघेही पात्र असतील, तर प्रत्येकास वेगळी मर्यादा आहे. २०२५ मधील ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये हाती येतात. हे व्याज मात्र पूर्ण करपात्र आहे. दुकानातून हळूहळू भांडवल मोकळे करून येथे ठेवणे, ही माझ्या मते व्यापाऱ्याची खरी निवृत्ती होय.

आपल्या गादीवर राबणाऱ्या माणसांचाही विचार व्हावा. छोट्या दुकानांतील नोकरांस बहुधा भविष्य निर्वाह निधी नसतो. २०१५ पासून असलेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाचा, प्राप्तिकर न भरणारा माणूस सहभागी होऊ शकतो. अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरण्यास सुरुवात केल्यास साठीनंतर महिना ५,००० रुपयांची हमी मिळते. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केल्यास त्याच पेन्शनसाठी १,४५४ रुपये भरावे लागतात. हा हप्ता मालकाने भरला तर दुकानास तो जड जाणार नाही. नोकराच्या घरी मात्र त्याचे पुण्य पिढीभर आठवले जाईल.

शेवटची विनंती. आज घरी गेल्यावर प्रत्येक पासबुक काढून त्यात नामनिर्देशन आहे काय, ते पाहावे आणि खात्यांची यादी पत्नीच्या व मुलांच्या हाती द्यावी. नामनिर्देशित व्यक्तीस पैसे स्वीकारता येतात, पण त्यावरून वारसाहक्क ठरत नाही. म्हणून साधे का होईना, मृत्युपत्र करून ठेवावे. पुरुषांच्या अचानक जाण्याने अनेक घरांतील पैसा बँकेत असूनही घरास मिळत नाही. त्यास कर कारणीभूत नसतो, आपला अबोला कारणीभूत असतो.

व्याजाचे दर व कराचे नियम बदलत राहतील. भरणा करण्यापूर्वी आपल्या करसल्लागारास अवश्य विचारावे. परंतु कर वाचो वा न वाचो, दर एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत घरासाठी काही रक्कम दुकानाबाहेर काढावयाची, हा नियम मात्र प्रत्येक पेढीने स्वतःच करावा. तो कोणतेही अंदाजपत्रक बदलू शकणार नाही.