अस्वलाचा रंग कोणता?

दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या हा द्वीपसमूह दूर उत्तरेला आहे. तर तिथल्या अस्वलांचा रंग कोणता?

आपल्याकडचा शाळकरी मुलगाही क्षणात सांगेल, पांढरा. पण १९३१-३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत हाच प्रश्न विचारला, तेव्हा एका निरक्षर शेतकऱ्याने काय सांगावं? मला माहीत नाही, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही. तुम्ही सांगता ते ज्याने डोळ्यांनी पाहिलं असेल, त्यालाच विचारा!

विचारणारे होते अलेक्झांडर लुरिया. रशियातल्या कझान शहरात १९०२ साली जन्मलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांचे मित्र आणि गुरू लेव विगोत्स्की यांचं म्हणणं होतं, की माणसाचा विचार भाषेतून आणि समाजातून घडतो. ते पडताळून पाहायला लुरिया मध्य आशियात गेले होते. त्यांना दिसलं, की हीच माणसं शेतीच्या, व्यवहाराच्या गोष्टींत उत्तम तर्क करतात. निव्वळ शब्दांवरून निष्कर्ष काढायची सवय मात्र शाळा लावते. खरं सांगायचं तर मला त्या शेतकऱ्याचं उत्तर चुकीचं वाटतच नाही. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायची नाही, हाही एक शहाणपणाच.

मॉस्कोत मात्र ओरड झाली, की हा माणूस तिथल्या लोकांना कमी लेखतो. कागद बासनात गेले. १९३४ साली विगोत्स्की क्षयाने वारले. लुरियांनी तिशी उलटल्यावर वैद्यकाचा अभ्यास पुरा केला आणि ते मेंदूकडे वळले. वाट बदलली म्हणायचं, पण प्रश्न तोच राहिला: शब्द माणसाच्या आत काय काम करतो?

मग महायुद्ध आलं. उरल पर्वताच्या परिसरातल्या लष्करी रुग्णालयात डोक्याला गोळी लागलेले सैनिक त्यांच्याकडे येऊ लागले. त्यांतला झासेत्स्की हा तेवीस वर्षांचा तरुण १९४३ साली जखमी झाला होता. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरक त्याला कळेना. वडील कळत, भाऊ कळे; दोन शब्दांमधलं नातं हरवलं होतं. एकेक अक्षर आठवून लिहायला गेला की हात अडे. हात न उचलता सलग लिही, असं सांगितल्यावर लिहिता आलं! मात्र स्वतः लिहिलेलं वाचणं त्याला फार जड जाई. तरीही पंचवीस वर्षं तो लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. लुरिया त्याला इतकी वर्षं भेटत राहिले. त्या पानांना स्वतःच्या टिपणांची जोड देऊन त्यांनी १९७१ साली पुस्तक काढलं. नुसत्या तपासणीच्या आकड्यांत माणूस सापडत नाही, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम होतं.

आणि ते बासनातले कागद? ते १९७४ साली, चाळीसहून अधिक वर्षांनी छापले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७७ साली, लुरिया गेले.