मूळव्याध: लाज सोडा, तपासून घ्या



या विषयावर आपल्या घरांत कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलणार आहे. मी सर्जन आहे. गेल्या वर्षी एक आपा माझ्याकडे आल्या. तीन वर्षं शौचाच्या वेळी रक्त जात होतं. पुरुष डॉक्टरला कसं दाखवायचं, म्हणून घरातही सांगितलं नाही. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. आल्या आल्या म्हणाल्या, "डॉक्टर, लेझर करा. भिंतीवर जाहिरात वाचली."

मी आधी दुर्बिणीने आतडं तपासलं. कारण रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच, असं नसतं. कधी भेग असते, कधी आतड्याचा कॅन्सर. आपांना मूळव्याधच होती, दुसऱ्या पायरीची.

आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त रक्त जातं. दुसरीत मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत तो बाहेरच राहतो. उपचार पायरीवरून ठरतो, जाहिरातीवरून नव्हे.

पहिल्या दोन पायऱ्यांत आणि तिसरीतल्या काहींत रबर बँड चालतो. मोडाच्या मुळाशी छोटा बँड बसवतात. रक्तपुरवठा तुटतो आणि आठवडाभरात मोड गळून पडतो. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. लहान मोडांना औषधाचं इंजेक्शनही देतात. मात्र ते तज्ज्ञाकडूनच घ्या, बोर्डावर 'बिनऑपरेशन' लिहिणाऱ्याकडून नको.

डॉप्लरने रक्तवाहिनी शोधून बांधण्याची पद्धत महाग आहे आणि तिला भूल लागते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात त्रास परत आला तो एकदा बँड लावलेल्यांपैकी 49 टक्क्यांना, डॉप्लरवाल्यांपैकी 30 टक्क्यांना. पण गरज पडली तिथे दुसऱ्यांदा बँड लावणं हाही उपचाराचाच भाग धरला, तेव्हा मोठा फरक उरला नाही. वर डॉप्लरनंतर सुरुवातीला दुखणं जास्त होतं.

लेझर वाईट नाही. उष्णतेने मोड आतून आकसतो, कापण्यापेक्षा कमी दुखतं. पण त्यालाही भूल लागते, खर्च जास्त येतो आणि त्रास परत येऊ शकतो. चौथ्या पायरीला बहुधा जुनं ऑपरेशनच टिकाऊ ठरतं. दुखतं जास्त, हे खरं.

आपांना दोन वेळा बँड लावले, लोहाच्या गोळ्या दिल्या. लेझरसाठी त्या दागिने गहाण ठेवायला निघाल्या होत्या.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझी पायरी कोणती? याहून लहान उपाय आहे का? त्रास परत आला तर काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. भाज्या, फळं, इसबगोल, भरपूर पाणी चालू ठेवा. संडासात मोबाईल घेऊन बसू नका. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा, तो तुमचा हक्क आहे. पण रक्त दिसलं तर थांबू नका.