मांगरातली हेराल्ड

मे महिन्यात आमचा मांगर शाकारायला काढला. सोडणं, जुनी जाळी, मोडका पाळणा असं सगळं बाहेर आलं आणि मागच्या भिंतीशी माझ्या सासऱ्यांची गाडी उघडी पडली. ती तिथं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सासरे गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नव्हतं.

गाडी १९६५ सालची स्टँडर्ड हेराल्ड. आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, म्हणजे जिल्ह्यापेक्षा ती वयानं मोठी! त्या काळी मुंबईच्या रस्त्यावर तीनच गाड्या जास्त दिसायच्या, अँबॅसडर, फियाट आणि ही हेराल्ड. मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, आकार मिकेलोत्ती या इटालियन माणसानं काढलेला. आपल्याकडे १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आमची हेराल्ड स्पोर्ट्स कारची थोरली बहीण म्हणा.

ती जास्त चालवली सासूबाईंनी. शिवाजी पार्कच्या आसपास शिकल्या. नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागल्या त्या गाडीमुळे, असं त्या हसत सांगतात. हेराल्ड जेमतेम २५ फुटांत पूर्ण वळते. सासरे निवृत्त होऊन देवबागला आले, तेव्हा सासूबाई ती आमच्या खळ्यात एका दमात वळवायच्या आणि शेजारचे बघायला यायचे.

आता गाडी दिसली म्हटल्यावर मुंबईहून एक गृहस्थ आले. म्हणाले, हिचं छप्पर बोल्टवर असतं, ते उतरवू, रंग लाल देऊ, स्पोर्ट्स कार म्हणून खपेल. पैसे बरे देत होते. माझे यजमान तयार झाले. मी म्हटलं, आधी कागद बघूया. कागद बिस्किटांच्या डब्यात निघाले. आरसी पुस्तक अजून सासऱ्यांच्याच नावावर!

मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगते. घरातला माणूस गेला की आपण बँकेचं, घराचं बघतो, गाडीचं राहून जातं. मालक गेल्यावर तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं आणि वारसाच्या नावावर करण्यासाठी तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असतो. ते न करता गाडी विकायला काढली की पुढे वारसांमध्ये आणि घेणाऱ्यामध्ये तंटे होतात. आमच्याकडे बावीस वर्षं झाली. आता मृत्यूचा दाखला, दोन नणंदांची संमती, खेपा, सगळं करावं लागलं. एक नणंद रत्नागिरीला, दुसरी डोंबिवलीला. सह्या मिळवायला गणपती उजाडले.

दुसरं कळलं ते असं. २०२१ साली केंद्राचे नियम आले. नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. जुना नंबर असेल तर तो तसाच राहतो. छप्पर उतरवून स्पोर्ट्स कारचा आव आणला तर त्या अटीत ती बसेल असं मला वाटत नाही. ते गृहस्थ हे बोलले नव्हते.

पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. सासूबाई रागावल्या. "मालवणच्या बाजाराक न्हेवची नाय, तर ती कित्याक?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

गाडी चालू होईल का, हे मात्र सगळ्यांना आजच बघायचं होतं. माझा मुलगा नवी बॅटरी घेऊनच आला. सासूबाईंनी त्याला थांबवलं. "आधी तिका तेल पाज, मगे किल्ली फिरव." त्यांचं बरोबर होतं. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोलचा चिकट डिंक होतो, आत पिस्टन गंजून धरलेले असतात, ब्रेकचं रबर फुगतं. एकदम स्टार्टर मारला तर बरं असलेलंही मोडतं. कुडाळचा एक जुना मिस्त्री आला. त्यानं प्लग काढून भोकांत तेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं.

आपल्याकडे एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी. खारा वारा पत्रा खातोच. दरवाजांची खालची कड हातानं चुरली. पण हेराल्डला वेगळी चासी आहे, अंगावरचे पत्रे बोल्टनं जोडलेले. एकेक भाग काढून दुरुस्त करता येतो. चासी मिस्त्रीनं हातोड्यानं ठोकून पाहिली. दोन ठिकाणी आवाज बद्द आला, बाकी खणखणीत. गाडी आता चार चिऱ्यांवर उचलून ठेवली आहे, खाली वाळूचा ओलावा लागू नये म्हणून. उंदरांनी कुरतडलेली वायर नवी घालायची आहे.

नवव्या दिवशी बॉनेट पुढे झुकवलं. हेराल्डचं सगळं नाक, मडगार्डासकट, पुढे उघडतं, आणि माणूस चाकावर बसून काम करतो. मिस्त्रीनं पुढच्या नटाला पाना लावला. पहिल्यांदा हललं नाही. सासूबाई काठी टेकत आल्या, आत चालकाच्या जागेवर बसल्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते हलवून पाहिलं. तो गिअरमध्येच होता. त्यांनी काढला. मिस्त्रीनं पुन्हा पाना ओढला आणि इंजिन अर्धा फेरा फिरलं.

फॉर्म ३१ गेल्या सोमवारी ओरोसला दिला. नाव सासूबाईंचं घातलं आहे.