इम्कुलूचे शब्दसंग्राहक

तांबड्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर मसावा नांवाचें जुनें बंदर आहे. आज तें एरिट्रिया देशांत मोडतें. त्या बंदराच्या वेशीबाहेर इम्कुलू म्हणून एक ठिकाण आहे. उन्हाळ्यांत तेथें अंगाची लाही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या ठिकाणीं स्वीडन देशांतील एका ख्रिस्ती मिशनचें ठाणें होतें. तेथें एक शाळा होती आणि एक छापखाना होता. त्या छापखान्यांत ज्या भाषेचीं पुस्तकें जुळविलीं जात होतीं, ती भाषा बोलणारा मुलूख तेथून शेंकडों मैल दूर, हबसाणच्या डोंगरांपलीकडे होता. आणि पुस्तकें तयार करणारांना त्या मुलखाची वाट बंद होती. ती भाषा ओरोमो. तीं पुस्तकें करणारीं माणसें त्याच मुलखांतून गुलाम म्हणून धरून आणलेलीं, पुढें मुक्त झालेलीं अशीं होतीं.

मिशनऱ्यांच्या प्रचारकार्याचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम छापखाना येतो, परदेशांतून आलेला पैसा येतो आणि गोऱ्या पाद्र्याची मूर्ति येते. हीं साधनें खरींच. परंतु संदेश पोहोंचविण्याच्या कामीं त्याहून निकडीचें साधन शब्द हें होय, आणि तें कोणत्याहि जहाजांत घालून आणतां येत नाहीं. तें ज्यांच्यापाशीं असतें तीं माणसें पुष्कळदां दरिद्री व अप्रसिद्ध असतात. इम्कुलूची हकीगत ही अशाच माणसांची हकीगत आहे.

ओरोमो लोक म्हणजे इथिओपियांतील एक फार मोठा समाज. त्या काळचे परदेशी लोक त्यांना ‘गल्ला’ म्हणत; तें नांव ओरोमोंना स्वतःला अपमानास्पद वाटतें, म्हणून आतां तें टाकून दिलेलें आहे. क्राप नांवाचा जर्मन मिशनरी १८३९ सालीं त्या देशांतील शोआ प्रांतांत गेला. त्यानें ओरोमो भाषा शिकून शुभवर्तमानाच्या कांहीं भागाचें भाषांतर केलें. शोआंतील त्याचा सहकारी आयझेनबर्ग हा पुढें आपल्या मुंबई इलाख्यांत कामास आला. महाराष्ट्राचा या विषयाशीं आणखीहि एक धागा आहे. अरबी समुद्रांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकजवळच्या शरणपुरास मिशनच्या आश्रयानें शिकत असत, आणि त्यांतील कित्येक पुढें मोंबासाजवळ फ्रियरटाऊन येथें १८७५ सालीं वसलेल्या वसाहतींत कामाला गेलीं. मुक्त झालेल्या मुलांना शिकवावें व त्यांच्याच हातून त्यांच्या देशांत संदेश पाठवावा, ही कल्पना त्या काळीं अशी ठिकठिकाणीं रुजत होती.

स्वीडिश मिशनचे पहिले लोक १८६६ सालीं मसावास उतरले, ते क्रापच्याच सल्ल्यानें. ओरोमोंच्या मुलखांत शिरावें हा त्यांचा हेतु होता. पण त्यांना आंत जाऊं देण्यास कोणी तयार नव्हतें. मग ज्यांच्या गांवीं जातां येत नाहीं, त्यांच्यापैकीं एक मुलगाच दैवगतीनें त्यांच्या दाराशीं आला.

त्या मुलाचें नांव हिका. इथिओपियाच्या पश्चिम भागांत हुरुमूजवळ त्याचा जन्म झाला. चार वर्षांचा असतांना बाप वारला. १८६९ सालीं गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं त्याला पळविलें आणि एकामागून एक आठ धन्यांच्या हातांतून तो मसावास आला. तेथें १८७० सालीं मुन्झिंगर नांवाच्या स्विस गृहस्थानें त्याला मुक्त केलें व मिशनच्या शाळेंत घातलें. १८७२ सालच्या ईस्टरच्या दिवशीं त्याचा बाप्तिस्मा झाला आणि ओनेसिमस नेसिब असें नवें नांव त्याला मिळालें. ओनेसिमस हा बायबलांतील एका पत्रांत येणारा गुलाम. त्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘उपयोगी’. परंतु त्याच्या जुन्या नांवाचा अर्थ त्याहूनहि अन्वर्थक होता. ओरोमो भाषेंत ‘हिकू’ या धातूचा अर्थ गांठ सोडणें असा आहे आणि दुसऱ्या भाषेंतील बोलणें उलगडून सांगणें असाहि आहे. आपल्या मराठींत उकलणें हें क्रियापद जसें गांठीलाहि लागतें आणि अर्थालाहि लागतें, तसेंच हें. आईबापांनीं ठेवलेलें नांव मुलानें पुढें आयुष्यभर खरें केलें.

मिशननें त्याला पांच वर्षें स्टॉकहोमजवळच्या विद्यालयांत शिकविलें. परत येतांच तो स्वदेशाच्या वाटेला लागला. सरळ मार्ग सम्राटाच्या बंदीमुळें अडलेला, म्हणून त्याची तुकडी सुदानच्या सरहद्दीनें वळसा घेऊन निघाली. १८८२ च्या फेब्रुवारींत ती असोसा गांवापर्यंत पोहोंचली, आणि तेथूनच तिला माघार घ्यावी लागली. खार्टूमला येईपर्यंत तापानें ओनेसिमस मरणाच्या दारांतून परतला. दुसरा प्रयत्नहि फसला. घर दिसत नव्हतें आणि वाट उघडत नव्हती. अशा स्थितींत इम्कुलूस बसून त्यानें भाषांतर हातीं घेतलें. आपल्याला जातां येत नसेल, तर पुस्तकाला तरी जातां येईल, हा त्यांतला भाव होता.

परंतु येथें एक विलक्षण अडचण उभी राहिली. ओनेसिमसला स्वीडिश उत्तम येत होती. आपली मातृभाषा मात्र पुरी येत नव्हती. यांत नवल नाहीं. लहानपणीं घर सुटलेल्या मुलाजवळ भाषा असते ती अंगणांतली. गाय, दूध, पाऊस, आई हे शब्द त्याच्या जिभेवर असतात. परंतु करार, वारसा, साक्ष, न्याय हे शब्द मोठ्या माणसांच्या बैठकींतले. ओरोमो समाजाच्या सभा ओडा नांवाच्या विशाल वृक्षाखालीं भरत. त्या झाडाखालीं बसण्याचें वय येण्यापूर्वींच ज्याला पळविलें, त्यानें तेथली भाषा कोठून आणावी? आणि बायबल तर अशा शब्दांनीं ओतप्रोत भरलेलें. पदरीं विद्या आहे, छापखाना आहे, कागद आहे, आणि शब्द नाहीं, अशी ही कोंडी होती.

ती कोंडी जिनें फोडली तिचें नांव अस्तेर गन्नो. ती मुलगी मूळची स्वतंत्र घरची. पुढें लिम्मू-एन्नारियाच्या राजानें तिला दासी केलें, आणि तेथून ती अरबस्तानांत विकण्यासाठीं गलबतावर चढविली गेली. १८८६ सालीं इटालियन जहाजांनीं तें गलबत अडविलें व तिला सोडवून किनाऱ्यावर आणलें. तेव्हां तिचें वय चौदाच्या आसपास असावें. इम्कुलूच्या शाळेंत ती लिहावाचावयास शिकली. तिची बुद्धि आणि भाषेची जाण ओनेसिमसच्या लक्षांत आली आणि त्यानें तिला ओरोमो भाषेचा कोश करण्यास बसविलें. शाळेंत आलेलीं दुसरींहि मुक्त ओरोमो माणसें या कामांत होतीं. निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या वेळीं पळविलेलीं तीं माणसें. एकाला न आठवलेला शब्द दुसऱ्याला आठवावा, एकाच्या गांवचा उच्चार दुसऱ्याच्या गांवच्या उच्चाराशीं ताडून पाहावा, अशा रीतीनेंच तें काम व्हावयाचें. ओनेसिमसच्या नव्या कराराच्या भाषांतरावर शेवटचा हात फिरविला गेला तो अस्तेरच्या कोशाच्या आधारानें. तो नवा करार १८९३ सालीं इम्कुलूस छापून निघाला.

पण अस्तेरचें काम येथें संपलें नाहीं, आणि तिच्या कार्याचें खरें मोल पुढेंच आहे. तिनें ओरोमो लोकांचे उखाणे, म्हणी, कहाण्या आणि गाणीं अशीं सुमारें पांचशें लिहून काढलीं. हीं तिनें मिळविलीं तीं दुसऱ्या पुस्तकांतून नव्हे. वाड्यांत दासी म्हणून राबतांना, बाजाराच्या वाटेवर, गलबताच्या तळांत ज्या ठेव्याला कोणी हात लावूं शकलें नाहीं, तो स्मरणांतला ठेवा तिनें कागदावर उतरविला. त्यांतील पुष्कळसा भाग १८९४ सालच्या पहिल्या वाचनपुस्तकांत आला. धर्मप्रचारासाठीं काढलेल्या छापखान्यानें लोककथा आणि कोडीं कां छापावीं, असा प्रश्न कोणास पडेल. उत्तर सरळ आहे. मूल वाचावयास शिकतें तें ओळखीच्या वाक्यावर. आजीच्या तोंडचा उखाणा कागदावर दिसला, म्हणजे ‘हें आपलेंच आहे’ अशी मुलाची खात्री पटते आणि मग पुढचें पान उलटण्यास तें भीत नाहीं. मिशनला लोकांपर्यंत आपला संदेश न्यावयाचा होता. तो नेण्याच्या निमित्तानें त्या लोकांचें स्वतःचें वाङ्मयहि जतन झालें.

लिपीची अडचणहि लहान नव्हती. पुस्तकें इथिओपियाच्या प्राचीन अक्षरांत छापलीं. आपल्या बाराखडीप्रमाणें त्या लिपींत प्रत्येक व्यंजनाचीं स्वरानुसार सात रूपें होतात. परंतु जोर देऊन उच्चारलेलें दुहेरी व्यंजन व दीर्घ-ऱ्हस्वाचा भेद तींत नीट दाखवितां येत नाहीं, आणि ओरोमो भाषेंत तर अर्थ त्यावरच फिरतो. ‘लफ’ म्हणजे जमीन आणि ‘लाफा’ म्हणजे मऊ. ‘सोदा’ म्हणजे भीति आणि ‘सोद्दा’ म्हणजे सोयरा. लिपींत हा भेद नसेल, तर सोयरे आले कीं संकट आलें हें वाचणारानें संदर्भावरून ताडावें! अशा अपुऱ्या साधनानेंहि त्या मंडळींनीं काम थांबूं दिलें नाहीं. संपूर्ण बायबल १८९९ सालीं स्वित्झर्लंडांत सेंट क्रिशोना येथें छापलें गेलें. त्याचें श्रेय ग्रंथावर आणि पुढें इतिहासांतहि बहुतेक एकट्या ओनेसिमसच्या नांवें मांडलें गेलें. कोश करणारी बाई मागें राहिली. ओनेसिमसची योग्यता यामुळें तिळमात्र कमी होत नाहीं; परंतु हिशेब पुरा व्हावयाचा, तर दोन्ही नांवें बरोबरीनें घेतलीं पाहिजेत.

१९०४ सालीं ओनेसिमस, अस्तेर आणि त्यांचे सहकारी वोल्लेगा प्रांतांत परतले. गुलाम म्हणून गेलेलीं माणसें पुस्तकें घेऊन शिक्षक म्हणून आलीं. नेकेम्टे येथें शाळा निघाली आणि अस्तेर तेथें शिकवूं लागली. तेथील अधिपतीनें त्यांचें स्वागत केलें. परंतु ओनेसिमस ओरोमोंतून प्रवचन करी, तें स्थानिक धर्मगुरूंना समजत नसे, आणि जें समजत नाहीं त्याचा संशय लवकर येतो. १९०६ सालीं त्याच्यावर धर्मनिंदेचा आरोप आला व हद्दपारीचा हुकूम झाला. सम्राट मेनेलिकनें तो हुकूम फिरविला. पण प्रवचन करूं नये अशी अट घातली. पुढें १९१६ सालीं लिज इयासूच्या अमलांत त्याला पुन्हां मोकळीक मिळाली. १९३१ सालीं तो नेकेम्टे मुक्कामीं वारला. अस्तेर त्यानंतरहि दीर्घकाळ जगली. तिचा मृत्यु १९६४ सालचा.

तिच्या हयातींतच तिच्या भाषेवर दुसरें संकट आलें. १९४४ सालीं इथिओपियाच्या बादशाही सरकारनें मिशनांसाठीं नियम केले. त्यांत शिक्षणाची सर्वसाधारण भाषा म्हणून अम्हारिकच ठरली. शाळांत आणि छापील कागदांत ओरोमोला जागा उरली नाहीं म्हटलें तरी चालेल. १९७४ सालीं बादशाही गेली; १९९१ सालीं आणखी एक राज्यक्रांति झाली आणि ओरोमो भाषेनें रोमन अक्षरें स्वीकारलीं, ज्यांत दीर्घ स्वर व दुहेरी व्यंजनें स्पष्ट लिहितां येतात. मधल्या कठीण वर्षांत ‘या भाषेंत लिहितां येत नाहीं’ असें म्हणणाराला उत्तर देण्यास इम्कुलूचीं जुनीं पुस्तकें साक्षीदार म्हणून उभीं होतीं.

नभोवाणीच्या श्रोत्यांना याच देशांतील दुसरी एक हकीगत ऐकावीशी वाटेल. २६ फेब्रुवारी १९६३ रोजीं अदिस अबाबा येथें जगांतील लूथरपंथी मंडळ्यांच्या संघानें एक प्रचंड ध्वनिक्षेपण केंद्र उघडलें. त्याचा आवाज आफ्रिकेंत आणि आशियांतहि ऐकूं जात असे, आणि त्याच्या कार्यक्रमांत धर्माबरोबर ज्ञानाचा व बातम्यांचा भाग मोठा होता. चौदा वर्षांनीं, १२ मार्च १९७७ रोजीं, नव्या लष्करी सरकारनें तें केंद्र ताब्यांत घेतलें. इमारत तीच, यंत्रें तींच. पण त्यांतून आतां क्रांतीचा जयघोष होऊं लागला. यंत्राचें असेंच आहे. तें ज्याच्या हातीं जाईल त्याच्या आवाजानें बोलतें. अस्तेरच्या वहींतील शब्दांवर असा कबजा कोणास करतां आला नाहीं, कारण ते ज्यांच्या घरांतून आले त्यांच्याच घरीं ते परत गेले होते.

मिशनच्या हेतूविषयीं मतभेद असूं शकतात, आणि ते असावेतहि. परंतु इम्कुलूच्या छापखान्याकडे पाहतांना एक गोष्ट कोणाहि भाषाप्रेमी माणसास मान्य व्हावी. ज्यांचें घर, कुळ, नांव आणि स्वातंत्र्य हीं सारीं लुटलीं गेलीं, त्यांच्याजवळ एक भाषा उरली होती. ती त्यांनीं आठवून आठवून, एकेक शब्द निवडून, लिहून काढली आणि आपल्या लोकांच्या स्वाधीन केली. आपल्या घरांतील वडील माणसांच्या तोंडीं असलेले कित्येक शब्द आणि म्हणी अजून कोणत्याहि कोशांत आलेल्या नाहींत. त्या टिपून घ्यावयास आपल्याला गुलामगिरी भोगावी लागत नाहीं आणि समुद्र ओलांडावा लागत नाहीं. एक वही आणि थोडा वेळ, एवढ्यानें तें काम होण्यासारखें आहे.